सॉफ्टवेअरच्या व्यापाराचे गणित

या महोत्सवी अंकासाठी मुलांच्या अभ्यासाविषयी काही लिहावे, अशी विश्वस्त मंडळींची सूचना होती. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला आणि त्याच्या प्रश्नाने लेखाचा विषयच बदलला. नागपुरास तीन वर्षे नोकरी करून तो बालाघाटला परतला आहे. म्हणाला, "सर, राइस मिलचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर तयार केले आहे. इंटरनेटवरून विकायचे म्हणतो. पण अब्बा विचारतात, दुकान नाही, गोदाम नाही, हा कसला धंदा? तुम्हीच त्यांना समजावा."

समजावण्यापूर्वी आम्हांलाच अभ्यास करावा लागला. तोच येथे मांडीत आहो.

अब्बांची शंका अगदीच चुकीची नव्हे. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला कामे सांगणारी आज्ञांची मालिका. पहिली प्रत तयार होण्यास वर्ष दोन वर्षे जातात. दुसरी प्रत क्षणात व जवळजवळ फुकट निघते. व्यापाऱ्याला हे वरदान आहे आणि शापही, कारण जी प्रत त्याला फुकट काढता येते ती शेजाऱ्यालाही येते. या अडचणीतून माणसांनी निरनिराळ्या वाटा काढल्या. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगेलमन आणि जिम नॉफ यांनी आपापली सॉफ्टवेअरे लोकांना खुशाल वाटू दिली. उपयोगी वाटल्यास अमुक रक्कम पाठवा, एवढीच विनंती केली. पैसे आले! आज 'आधी काही दिवस वापरून पाहा, मग घ्या' असे जिकडे तिकडे दिसते, त्याचे एक मूळ येथे आहे.

उलट लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या बंधूंनी १९८६ मध्ये आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींना धडा शिकवावा म्हणून एक उपद्रवी आज्ञावली सोडली. आत स्वतःचे नाव, पत्ता व फोन नंबरही घातला. तिचे नाव 'ब्रेन'. ती देशोदेशी पसरली आणि आयबीएम जातीच्या संगणकांवरील पहिला व्हायरस म्हणून तिची नोंद झाली. भांडण चोराशी होते, उपद्रव भलत्यांनाच झाला.

या व्हायरसांवरच पुण्याच्या दुसऱ्या दोन भावांनी धंदा उभा केला. कैलास काटकर हे मूळ सातारा जिल्ह्यातील कुटुंबातले. दहावीनंतर शाळा सुटली, कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम शिकले आणि पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे संजय संगणकशास्त्र शिकले. दुरुस्तीस येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले पाहून त्यांनी औषध लिहिले. १९९५ च्या सुमारास ते 'क्विक हील' या नावाने विकू लागले. २००७ साली कंपनीनेही तेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. आम्हांला यातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते असे की, रोग कोणता हे त्यांना दुकानाच्या टेबलावरच कळले होते. शिवाय नवे व्हायरस रोज निघतात, म्हणून जुने औषध चालत नाही; गिऱ्हाईक दरवर्षी पुन्हा पैसे देते ते या ताज्या पुरवठ्याचे.

म्हणजे खरा माल प्रत नव्हे, वर्षभराची चाकरी हाच माल. हे आम्ही स्वानुभवानेही जाणतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेने गुणपत्रकांचे एक सॉफ्टवेअर एका मोठ्या शहरातील विक्रेत्याकडून घेतले होते. ऐन वार्षिक परीक्षेनंतर त्याची मुदत संपली, आतले गुण दिसेनासे झाले आणि फोन कोणी उचलीना. आम्ही चौघा शिक्षकांनी तीन रात्री जागून गुणपत्रके हाताने लिहिली. दुसऱ्याचा हिशेब आपल्या पेटीत ठेवणे ही अमानत आहे. पैसे आले नाहीत तरी गिऱ्हाइकाची माहिती त्याला परत मिळालीच पाहिजे.

आता गणित पाहू. (शिक्षकाची खोड जात नाही.) समजा शंभर गिऱ्हाइके आहेत, वर्षाची फी ३,००० रुपये, आणि दरवर्षी तीस नवी मिळतात. शंभरातली साठच टिकली, तर पुढल्या वर्षी नव्वद, मग चौऱ्याऐंशी, मग ऐंशी. नवी येत असूनही धंदा आटतो आणि पंचाहत्तराच्या आसपास थांबतो. नव्वद टिकली, तर एकशे वीस, एकशे अडतीस, एकशे चोपन्न. नवी गिऱ्हाइके दोन्हीकडे तीसच! जाहिरातीवर पैसा ओतण्यापूर्वी जुनी का जातात हे विचारावे, असे आम्ही मुलाला सांगितले ते यासाठी. फीमध्ये १८ टक्के जीएसटी धरला की नाही, हे तर सुरुवातीसच ठरवावे. मागाहून वाढविलेली रक्कम गिऱ्हाइकाला फसवणूक वाटते.

पैसे घेण्याची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ आहे. २०१६ पासून यूपीआय आले. खात्यातून आपोआप फी कापून घेता येते. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कापण्याच्या चोवीस तास आधी गिऱ्हाइकाला सूचना जावी लागते. वर्गणी बंद करण्याची वाट मुद्दाम अवघड करून ठेवणे हेही केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक नियमांत गैर ठरविले आहे.

विषय मात्र मुलाने चांगला निवडला आहे. बालाघाट, गोंदिया, भंडारा हा सारा धानाचा मुलूख. शासनाच्या धानाची भरडाई करताना, साध्या तांदळाच्या बाबतीत, क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ जमा करावा लागतो; त्यात बारदाना, तूट, ट्रकांच्या फेऱ्या, कोंड्याचा हिशेब वेगळा. दिल्लीच्या सर्वसाधारण हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये बारदान्याचा रकाना कोठून असणार? हा मुलगा मात्र लहानपणी मामाच्या मिलमध्ये पोत्यांवर बसून अभ्यास करीत असे.

एका संध्याकाळी आम्ही अब्बांकडे गेलो. किराण्याच्या गल्ल्यावर बसून त्यांनी सर्व ऐकले आणि एकच विचारले, "हंगामात मिल रात्री दोनलाही चालते, मास्तर. तेव्हा फोन कोण उचलणार?" मुलगा गप्प झाला. असा प्रश्न आमच्या टिपणात नव्हता.

आता रात्रीसाठी त्याने चुलत भावाला तयार केले आहे. दिवसा फोन दुकानातच वाजतो. मुलगा जवळ नसला की अब्बा वहीत नाव व अडचण टिपून ठेवतात. सात मिलांनी सॉफ्टवेअर घेतले आहे: पाच बालाघाट व वारासिवनीच्या, दोन गोंदियाच्या. त्यांची पहिली मुदत येत्या ऑक्टोबरात संपते.