सुई टोचण्याआधी कान तपासा

केज, धारूर, वडवणीकडचे रुग्ण हल्ली वारंवार विचारतात: औषधानं गेलेलं ऐकणं स्टेम सेलनं परत येतं का? जाहिरात पाहून जमीन गहाण टाकायला निघालेल्यांना आधीच सांगतो, पैसे भरू नका.

आतल्या कानात शंखासारख्या वेटोळ्यात साधारण 15 हजार केसपेशी असतात. अमिकासिन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन त्यांना मारू शकतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून रुग्ण म्हणतो, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.’

स्टेम सेल म्हणजे मूलपेशींवरचं संशोधन खरं आहे आणि मला त्याची मनापासून आशा आहे. 2012 मध्ये इंग्लंडच्या शेफिल्ड विद्यापीठात मानवी मूलपेशींपासून घडवलेल्या पेशी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या कानात सोडल्या. त्याचं ऐकणं बरंच सुधारलं. मूलपेशींतून निघणाऱ्या सूक्ष्म पुटिकांनी सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदरांचे कान काही प्रमाणात वाचले. पण हे सारं प्राण्यांतलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशी फक्त मान्य चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

हाती आहे ते वेळेवर तपासणं. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यानं तोंडाचा कर्करोग फार. त्यात किरणांसोबत अनेकदा सिस्प्लॅटिन देतात. पहिल्या डोसाआधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, पुढच्या डोसांआधीही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात विचारा. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या (एमडीआर) टीबीला पूर्वी महिनोन्महिने कॅनामायसिन टोचत. आता बहुतेकांना गोळ्यांवरच उपचार मिळतात, त्यामुळे जुन्या भीतीनं उपचार टाळू नका.

मला जास्त काळजी ऊसतोडीच्या टोळ्यांची वाटते. फडात उन्हातान्हात अंगातलं पाणी आटलेलं, त्यात अंगदुखीच्या गोळ्या, मूत्रपिंडावर ताण, आणि ताप आला की कोणाकडूनही सुई. ती सुई जेंटामायसिनसारखी असली, तर औषध शरीरात साचतं आणि कानाला धोका वाढतो. इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून घ्या. आई, मामा, मावशी यांच्यापैकी कोणाचं ऐकणं इंजेक्शननंतर गेलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अशा इंजेक्शनांबाबतची कानाची नाजूकता आईकडून मुलांत येऊ शकते आणि अशा माणसाला एखादा डोसही पुरतो.

उपचार चालू असताना कानात गुंई सुरू झाली किंवा चक्कर आली, तर औषध स्वतःहून बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. डोस, दोन डोसांमधलं अंतर किंवा औषधही बदलता येतं.