डिफरेन्शियल खोलण्याआधी: पद्मिनीचा मागचा आवाज तपासायचा कसा आणि त्याचं बिल करायचं कसं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण प्रीमियर पद्मिनीचा डिफरेन्शियल खोलून बघितला. व्हिडिओत हात दिसतात, पण कामाचा क्रम आणि पैशाचा हिशोब डोक्यात राहत नाही. म्हणून हा धडा लिहून देतोय. प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीला लावा.

आधी हा विषय का घेतला ते सांगतो. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीस वर्षांहून जास्त झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली. आता ज्या गाड्या उरल्यात त्या हौसेने, वडिलांची आठवण म्हणून सांभाळलेल्या आहेत. अशा गाडीतला चांगला क्राउन-पिनियन तुम्ही चुकीच्या अंदाजाने काढून भंगारात टाकला, तर तसा दुसरा मिळेलच याची खात्री नाही. गिऱ्हाईक पैसे देईल, पण आवाज तसाच राहिला तर परत येणार नाही.

आजच्या धड्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवा: तपासणी हे वेगळं काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे आहेत. ज्याला तपासणीचे पैसे मागायला लाज वाटते, तो पार्ट बदलूनच कमाई करायला बघतो.

पायरी १: रोडवर, कानाने

गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये रेस करा. तोच आवाज आला तर तो डिफरेन्शियलचा नाही, पुढे शोधा. नंतर एकाच स्पीडला थर्ड आणि टॉप अशा दोन्ही गिअरमध्ये चालवा. इंजिनाचे फेरे बदलले तरी आवाजाचा सूर तोच राहिला, तर तो गिअरबॉक्सच्या मागून येतोय. मग हे बघा:

- रस्ता बदलला की आवाज बदलतो: आधी टायर तपासा.
- रेस दिली की घूंऽऽ, सोडली की गप्प: क्राउन-पिनियनच्या दातांचा संपर्क बिघडल्याची शंका.
- रेस सोडल्यावर घूंऽऽ: पिनियनची बेअरिंग सैल असू शकते किंवा दातांची मागची बाजू झिजलेली.
- रेस दिली काय, सोडली काय, घरघर तीच: कुठलं तरी बेअरिंग. मोकळ्या रस्त्यावर गाडी हळूच डावी-उजवीकडे झुलवा. वजन बदलल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर चाकाचं बेअरिंग.
- सरळ जाताना गप्प, वळणावर आवाज: आतले छोटे गिअर आणि त्यांचे वॉशर.
- गाडी उचलताना ‘टक्’: आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघा, डिफरेन्शियल शेवटी.

पायरी २: गाडीखाली, हाताने

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मागची चाकं उचलल्यावर हँडब्रेकचा काही उपयोग नाही. गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली पोराला पाठवू नका, कितीही घाई असली तरी.

प्रोपेलर शाफ्ट पिनियनजवळ धरून फिरवा. क्रॉसमध्ये प्ले आहे की पुढे आत, ते वेगवेगळं बघा. फ्लँज वर-खाली हलवा. ती वर-खाली हलली तर पिनियनची बेअरिंग गेली.

आता ऑइल. आधी भरायचा प्लग सैल करा, मगच खालचा उघडा. खालून ऑइल काढून टाकलं आणि वरचा प्लग जाम निघाला, तर गाडी तिथेच अडकते. ऑइल स्वच्छ ताटात घ्या आणि त्यातून मॅग्नेट फिरवा. मॅग्नेटला राखाडी मऊ लेप लागला तर ती वयानुसार झीज. कपची, तुकडे, सुईसारख्या कण्या दिसल्या तर उघडावंच लागेल. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, आपल्याकडच्या पावसाळ्यात हे होतंच.

मागच्या ब्रेक ड्रममध्येही डोकवा. अॅक्सलचं सील गळत असेल तर ऑइल ब्रेक शूजवर जातं. हा आवाजाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. अशी गाडी ब्रेकचं काम न करता परत देऊ नका. सील बदलण्याआधी हाउसिंगचा ब्रीदर साफ करा. तो मातीने बुजला की गरम झालेली हवा आत दाब धरते आणि नवीन सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलते.

बऱ्याच गाड्यांचं काम इथेच संपतं. मागे आमच्याकडे एक पद्मिनी आली. दुसऱ्या एका गॅरेजने क्राउन-पिनियन सांगितला होता. गाडी झुलवल्यावर घरघर एका बाजूला वाढत होती. डाव्या चाकाचं बेअरिंग आणि बुजलेला ब्रीदर, एवढंच निघालं. ते काका आता सर्व्हिसिंगलाही आमच्याकडेच येतात.

पायरी ३: उघडलं तर आधी मोजा

सुटं करायच्या आधी तीन गोष्टी नोंदवा. एक, डायल गेजने बॅकलॅश, क्राउनवर चार ठिकाणी. आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. दोन, दातांना निळा मार्किंग पेस्ट लावून फिरवा आणि ठशाचा फोटो काढा. जुने मिस्त्री तेलात कालवलेला शेंदूर लावायचे. त्यात शिसं असतं, म्हणून पेस्टच वापरा. तीन, बेअरिंगच्या कॅपवर डावी-उजवी अशी पंचाने खूण करा. त्या कधीही अदलाबदल करायच्या नाहीत. शिमही कुठली कुठे होती ते लिहून वेगळ्या डबीत ठेवा.

ठसा असा वाचायचा: दाताच्या मधोमध आला तर छान. वरच्या कडेला सरकला तर पिनियन लांब आहे, बुडाशी गेला तर जास्त आत आहे. आतल्या अरुंद टोकाला गेला तर क्राउन पिनियनच्या फार जवळ आहे, बाहेरच्या रुंद टोकाला गेला तर लांब.

आणि इथेच बरेच जण फसतात. जुना, एकमेकांवर बसलेला सेट थोडा सैल वाटतो म्हणून शिम काढून ‘टाइट’ करतात. जे दात इतकी वर्षं एका जागी घासून बसलेत, त्यांना नवीन जागी नेलं की आवाज वाढतो. ठसा चांगला असेल आणि फक्त बेअरिंग बदलायचं असेल, तर दात त्याच जुन्या जागी परत आणा. जुने दात, जुनी जागा.

दात खड्डेदार किंवा तुटके असतील तर क्राउन आणि पिनियन दोन्ही बदला, एक कधीच नाही. ते कारखान्यात जोडीने घासून बसवलेले असतात. कुर्ल्यात किंवा नाना पेठेत जुना सेट शोधायला गेलात तर दोन्हीवरचे जोडीचे नंबर आणि दात मोजून घ्या. समजा क्राउनला ४३ आणि पिनियनला १० दात, तर रेशो ४.३. तुमच्या गाडीचा तोच हवा. सेट नवीन असो की वापरलेला, पिनियनचा प्रीलोड मोजूनच नट आवळा, पाना लागेल तिथपर्यंत नाही.

ऑइल मॅन्युअलप्रमाणेच. हायपॉइड दातांत घसरण जास्त असते, त्यांना जास्त दाब सोसणारं ऑइलच लागतं. पण ते गिअरबॉक्समध्ये सरसकट टाकू नका. काही ऑइल तिथल्या पितळी रिंगांना चालत नाहीत.

आता बिल

तीन पायऱ्यांच्या तीन चिठ्ठ्या करा. समजा तुमचा तासाचा दर ₹४०० आहे (आकडा फक्त उदाहरणाला). पायरी १ आणि २ मिळून तीन तास, म्हणजे ₹१,२००. हे आधीच सांगा:

“काका, आज मी फक्त तपासणार. बाराशे रुपये होतील. काय सापडलं ते फोटोसकट देतो. उघडायची गरज असेल तर तुम्हाला विचारूनच.”

पायरी ३ ला वेगळं एस्टिमेट, वेगळी सही. दुरुस्तीचा आकडा मोजमापानंतरच. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्या. ते घरी नेऊन काय करतील हा त्यांचा प्रश्न, पण विश्वास तिथेच बसतो.

गृहपाठ: या आठवड्यात येणाऱ्या मागचं चाक चालणाऱ्या कुठल्याही एका गाडीवर, मग ती पद्मिनी असो, अॅम्बेसेडर असो की जीप, पायरी १ आणि २ करा आणि एका पानाचा रिपोर्ट लिहा. गिऱ्हाइकाला वाचून दाखवा. त्यांना समजला नाही तर पुन्हा सोप्या शब्दांत लिहा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत आधी ऐका, मग मोजा, आणि पाना शेवटी उचला.