डाळिंबाची पानगळ आणि स्फुरदाचें एक संयुग

डाळिंबाचा बहार धरतांना झाडास ताण द्यावयाचा व मग इथ्रेल फवारून पानें गाळावयाचीं, हा परिपाठ संगमनेर, राहाता, पारनेर या बाजूच्या बागाईतदारांस नवा नाहीं. परंतु बाटलींतील द्रव्य काय आहे याची चौकशी थोडे करितात. आणि त्यामुळें माप तेंच असूनहि एकाची बाग स्वच्छ निष्पर्ण होते, तर शेजाऱ्याचीं निम्मीं पानें झाडावरच राहतात. वर्षाचा बहार त्यावर अवलंबून असल्यामुळें हा विषय थोडा खोलांत जाऊन पाहणें इष्ट आहे.

इथ्रेलमधील मूळ द्रव्याचें नांव इथेफॉन. तें स्फुरदाचें सेंद्रिय संयुग होय. म्हणजे त्यांत स्फुरदाचा अणु कर्बाच्या अणूस थेट जोडलेला असतो. सुपर फॉस्फेटमधील स्फुरद प्राणवायूशीं जोडलेला असून तो पिकाचें अन्न होतो. इथेफॉन हें खत नव्हे. रशियांतील काबाच्निक व रोसिस्काया यांनीं १९४६ सालीं तें प्रथम तयार केलें. इथिलीन ऑक्साइड व फॉस्फरस ट्रायक्लोराइड यांच्या संयोगानें निघालेला पदार्थ तापविला असतां त्यांतील अणूंची मांडणी फिरून स्फुरद-कर्बाचा जोड बनतो, व पुढें आम्लाच्या साहाय्यानें त्याचें जलविघटन केलें म्हणजे इथेफॉन मिळतें. वनस्पतींच्या वाढीवरील त्याचा परिणाम मात्र १९६० नंतरच्या दशकांत लोकांच्या ध्यानांत आला.

हें द्रव्य तीव्र आम्लांत टिकतें, म्हणूनच बाटलींत तें शाबूत असतें. सामू चार-पांचाच्या वर गेला कीं तें फुटूं लागतें, व त्यांतून इथिलीन वायु, फॉस्फेट आणि क्लोराइड निघतात. पानाच्या पेशींतील रस इतका आम्ल नसल्यामुळें ही क्रिया पानांत घडते. आंब्याच्या अढींत फळें पिकविणारा वायु तो हाच. देठाच्या बुडाशीं पेशींचा एक थर सैल पडतो आणि पान गळतें.

आतां खरी गोम पाहा. इथेफॉन आम्ल असल्यानें साधें पाणी त्याच्या योगानें आम्ल होतें. परंतु चुनखडीच्या जमिनींतील विहिरीचें पाणी बायकार्बोनेटयुक्त असल्यास तें हा आम्लपणा खाऊन टाकितें. मग वायु टाकींतच सुटून हवेंत जातो व पानावर नुसतें पाणी पडतें! म्हणून द्रावण केल्यावर सामूच्या कागदानें तपासावें, लागलीच फवारावें, रात्रभर ठेवूं नये. बोर्डो मिश्रणांत तर तें कदापि मिसळूं नये.

सर्वसाधारण माप ३९ टक्क्यांच्या औषधाचें लिटरभर पाण्यास एक-दोन मिलिलिटर असें आहे. थंडींत इथेफॉन सावकाश फुटतें. अंबे बहाराच्या वेळीं चार दिवसांत पानें पडलीं नाहींत म्हणून उतावीळपणें दुसरा हात मारणारे कोवळ्या फांद्यांचे शेंडे वाळवून बसतात. ताण पुरता बसला नसेल, तर पानें गळूनहि फूल येत नाहीं. कारण फूल येतें तें काडींत सांठलेल्या अन्नावर, औषधावर नव्हे. तेल्यानें खंगलेल्या झाडास हा प्रयोग सोसत नाहीं.

स्फुरदाचीं सेंद्रिय कीटकनाशकें याच कुळांतील असलीं तरी त्यांचें काम निराळें. तीं मज्जातंतूंवर आघात करितात. २०१७ सालीं यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनें माणसें दगावलीं, त्या वेळच्या औषधांत मोनोक्रोटोफॉस हें या कुळांतलेंच होतें. इथेफॉन त्या मानानें सौम्य, तरी डोळ्यांस व कातडीस तें जाळतें. सबब हातमोजे व चष्मा घातल्यावांचून गड्यास बाटली उघडूं देऊं नये.