मृगाच्या तोंडावर आलेला राजीनामा

अंबड, २० मे

चि. बाळास काकाचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू फार चिडलेला होतास, म्हणून सविस्तर लिहितो. दुकानावरचा मुलगा बियाणे कंपनीत लागला आणि मृग तोंडावर आला, तुझी धाकधूक मला कळते. पण त्याने दगा दिला असं पुन्हा म्हणू नकोस. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी जालन्यात महिको काढली, तेव्हापासून या गावाची ओळखच बियाण्याची. इथला कृषी पदवीधर पोरगा आपल्या गल्ल्याशेजारी जन्मभर बसून राहील, असं धरून चालणंच चूक होतं.

हंगाम होईपर्यंत त्याचा पगार अडकवून ठेवायचं तुझ्या मनात आहे. तसं अजिबात करू नकोस. जायच्या दिवशी पै न् पै चुकती कर. आपल्याकडे दहा माणसं नाहीत, त्यामुळे ग्रॅच्युइटी कायद्याने लागत नाही. तरी त्याने सहा वर्षं काढली आहेत, तेव्हा हिशोब तोच धर: महिन्याच्या पगाराला २६ ने भाग, १५ ने गुण आणि पुन्हा वर्षांनी गुण. अनुभवाचं पत्रही मोकळ्या मनाने दे.

मग त्याच्याजवळ शांतपणे बस. पॉस मशीनवरचा खताचा साठा आणि गोदामातली पोती जुळवून घ्या, मुदत संपत आलेल्या बाटल्या वेगळ्या काढा. उधारीची वही मात्र सावकाश वाचा. कोण मोसंबीचा बाग विकला की पैसे देतो, कोण कापूस गेल्यावर, कुणाच्या घरी यंदा अडचण आहे, हे वहीत नसतं, त्याच्या डोक्यात असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कीटकनाशकं विकायची तर मालक स्वतः पात्र हवा, नाहीतर तसा माणूस नोकरीला हवा. तू बी.कॉम. आहेस, म्हणजे परवाना त्याच्या पदवीवर उभा आहे. वर्षाला थोडे पैसे देऊन प्रमाणपत्र भिंतीवर तसंच राहू दे, असं सांगणारे तुला भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. परवाना देणाऱ्या कार्यालयाला तो गेल्याचं लगेच लेखी कळव आणि नवा माणूस नोंदवेपर्यंत औषधांची विक्री बंद ठेव, गिऱ्हाईक शेजारी गेलं तरी चालेल. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. कुठलं औषध कशात मिसळू नये, तोंडाला काय बांधावं, हे शेतकरी पहिल्यांदा आपल्यालाच विचारतो. तिथे जाणता माणूस नसेल तर ती भिंतीवरची पदवी कुणाच्या कामाची?

नव्या माणसासाठी बदनापूरच्या कृषी महाविद्यालयात आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन ये. मुलगी आली तर नाही म्हणू नकोस. निंदणी, वेचणी बायाच करतात, पण औषधाच्या दुकानात त्यांना मोकळेपणी काही विचारता येत नाही. मुलाखतीत गुणपत्रिका फार चाळत बसू नकोस. लाल्या पडलेल्या कापसाच्या पानाचा फोटो पुढे ठेव आणि काय द्यायचं ते विचार. जो लगेच बाटलीचं नाव घेईल त्याला चहा पाजून परत पाठव. जमीन कुठली, खत कधी दिलं, पानाच्या खालून तुडतुडे पाहिले का, असं जो आधी तुलाच विचारेल, त्याला ठेव. पगार आधीच्या मुलाला देत होतास त्यापेक्षा थोडा जास्त द्यावा लागेल, त्यात हात आखडू नकोस.

आणि यंदा तूही शीक. हैदराबादच्या मॅनेज संस्थेची निविष्ठा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ नावाची वर्षाची पदविका आहे, दुकान सांभाळून करता येते. कृषी विज्ञान केंद्रात जाशील तेव्हाच तिची चौकशी कर.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतो. त्या मुलाला थांबायला सांग, वही तिघं मिळून पाहू.

तुझा,
काका