परसातली चार झाडे

आंबा आजोबाने लावावा आणि नातवाने खावा, असे आपल्याकडे म्हणतात. पण सगळीच झाडे काही इतकी वाट पाहायला लावत नाहीत. पपई साधारण दहा महिन्यांत फळ देते. कलमी जांब, म्हणजेच पेरू, तिसऱ्या वर्षी चांगला धरू लागतो. सीताफळाला तीन-चार वर्षे लागतात. लिंबालाही जवळपास तेवढीच.

आपण फुलसावंगीच्या एका घराच्या परसात उभे आहोत, असे समजू या. हे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात आहे. इकडे काळी, कापसाची जमीन पुष्कळ. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून इथे झाडाचे वैरी दोन. श्रावणात साचलेले पाणी, आणि मे महिन्यात नसलेले पाणी.

एका घरी काय झाले ते ऐका. हौसेने दहा रोपे लावली. दोन पपया खोलगट जागी होत्या. बुडाशी पाणी साचून त्या सडल्या. पुढे उन्हाळ्यात विहीर आटली. घरची बाई लांबून डोईवर पाणी आणायची. आता हे पाणी लेकरांना पाजावे, की झाडांना घालावे? बाईने लेकरांना पाजले. तिचे काय चुकले? सात रोपे वाळून गेली. एकच जांब जगला, कारण तो न्हाणीच्या पाण्यावर होता.

यातून आपण काय शिकावे? आधी पाणी मोजावे, मग रोपे आणावी. मे महिन्यात जेवढी झाडे जगवता येतील, तेवढीच आषाढात लावावी. साध्या घराला चार झाडे पुरे : एक जांब, एक लिंबू, एक सीताफळ आणि एक पपई.

आता लावायची रीत पाहू. उन्हाळ्यातच दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा करावा. त्याला ऊन खाऊ द्यावे. उन्हाने मातीतले किडे मरतात. पावसाआधी चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळून खड्डा भरावा. ताजे शेण घालू नये. त्याने मुळांना इजा होते आणि वाळवी येते. पाऊस नीट लागला, की रोप लावावे. पपई मात्र उंचवट्यावरच लावावी. जांब आणि लिंबू यांच्यात वीस फूट अंतर ठेवावे. पपईला सहा-सात फूट चालते.

कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून फूट आली, तर ती काढून टाकावी. ती कलमाची नव्हे, खालच्या खुंटाची असते.

जांबाची 'सरदार' नावाची जात चांगली. तिला 'लखनौ-४९' असेही म्हणतात. नाव लखनौचे असले, तरी ती निवडून काढली पुण्याच्या गणेशखिंड बागेत. सीताफळात 'बालानगर' प्रसिद्ध आहे. पपईचे साधे बी लावले, तर काही झाडे नर निघतात. नराला लांब देठावर लोंबती फुले येतात, फळ सहसा येत नाही. म्हणून एका खड्ड्यात तीन रोपे लावावी आणि फुले दिसल्यावर एक चांगले ठेवावे. रोपे सरकारी किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावी. अकोल्याला १९६९ साली डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ निघाले. विदर्भाच्या शेतीसाठी तिथे संशोधन चालते.

उन्हाळ्यात पाणी कसे पुरवावे? रोपापासून फूटभर अंतरावर एक पाझरते मडके गळ्यापर्यंत पुरावे. त्यात पाणी भरून झाकण ठेवावे. पाणी हळूहळू मुळांशी झिरपते, उन्हाने उडून जात नाही. आळ्यात कुटाराचा चार बोटे थर द्यावा, पण तो खोडाला टेकवू नये. पहिली दोन वर्षे पऱ्हाटीची किंवा तुराटीची सावली करावी. न्हाणीचे पाणीही चालते. मात्र कपड्यांच्या सोड्याचे, साबणाचे पाणी झाडाला घालू नये.

पिकल्या पपईतून डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व मिळते. जांबात क जीवनसत्त्व भरपूर असते. बाजारातून आणलेले फळ घरात वाटून खावे लागते, आणि वाटताना आई बहुधा स्वतःला विसरते. परसात झाड असले, तर तिच्याही वाट्याला एक फळ येईल.

आता सांगा :
१. दहा रोपांपैकी एकच का जगले?
२. पपई उंचवट्यावर का लावावी?
३. आपल्या घरी मे महिन्यात किती घागरी पाणी उरते? त्यात किती झाडे जगतील? आकडा वहीत लिहा.