शेत हलत नाही : गोदाकाठच्या घराण्याची वंशावळ कशी काढावी

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं म्हणतात. गोदावरीचं मूळ त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर आहे, हे निफाड तालुक्यात गोदाकाठी वसलेल्या सायखेड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. राहता राहिलं कूळ, आणि ते शोधल्यावाचून आता गत्यंतर नाही. जातपडताळणीला वंशावळ लागते, वारसनोंदीला लागते, वाटपाच्या दाव्यात तर ती आधी लागते. 2023मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हापासून पणजोबाच्या बापाचं नाव काय, हा प्रश्न ओट्यावरून थेट तहसीलच्या अभिलेख कक्षात पोचला.

शोधायला निघालेला माणूस बहुधा नावाच्या मागे लागतो आणि तिथेच अडकतो. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, जुन्या नोंदींत आडनाव लिहायचा कंटाळा आणि गावात एकाच वेळी नांदणारे चार तुकाराम, यांत नावाचा धागा हमखास तुटतो. शेताचं तसं नसतं. मालक मरतो, वाटण्या होतात, आडनाव बदलतं, पण शेत जागेवरच असतं आणि त्याच्या मालकीचा माग सरकारी दप्तरात राहतो. म्हणून पुढची सगळी कृती एका नियमावर चालते: आधी शेत धरा, मग माणूस.

लागणारं साहित्य

एक जाड वही, आजचा सातबारा आणि आठ-अ उतारा, घरातले जुने दाखले, आवाज नोंदवता येईल असा मोबाइल आणि मोडी वाचणारा एक माणूस. मोडी सरकारी कामकाजातून 1950च्या आसपास गेली. त्याआधीच्या नोंदी मोडी लिपीत निघाल्या तर नवल नाही. भरपूर धीरही लागेल.

पायरी 1 : घरातल्या म्हाताऱ्यांना बसवून विचारा

कागदाआधी माणसं गाठा, कारण कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. पुरुषांना शेताबद्दल विचारा आणि बायकांना सोयरिकीबद्दल. कोणाची आत्या कुठल्या गावी दिली, कोणत्या घरी सुतक पाळलं जातं, लग्नात देवक कोणतं, कुळदैवत कोणतं, हे आजीला जितकं पाठ असतं तितकं आजोबांना नसतं. ज्या घरांशी सुतक आहे ती घरं एका वंशाची. त्यांची वेगळी यादी करा.

देवघरातले टाकही पाहा. नाशिक भागात धुळवडीला घराण्यातल्या वीरांचे टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून वाजतगाजत मिरवतात. तुमच्या घरचा वीर कोण, तो कसा गेला आणि त्याचा टाक भावकीत आणखी कोणाकडे आहे, हे विचारा. एकाच वीराला मान देणारी दोन घरं आज ओळख ठेवत नसली, तरी मागे कुठेतरी एक होती का, हे तपासायला हा चांगला सुगावा आहे.

पायरी 2 : आठवणीला साल लावा

'बाबा लहान होते तेव्हा' या वाक्याचा उपयोग शून्य. म्हाताऱ्यांना तारीख आठवत नाही, घटना आठवतात. 1918ची मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, 1930चा काळाराम मंदिर सत्याग्रह, 1948चा गांधीवध, गोदावरीचा 1969चा महापूर, 1972चा दुष्काळ, 1980, 1991 आणि 2003चे सिंहस्थ. 'पुराच्या साली तुमचं लग्न झालं होतं का?' असं विचारलं की उत्तर लगेच येतं.

कागदांवरची जुनी सनं अशी बदला: शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, दक्षिणी फसलीत 590 मिळवायचे, आणि पेशवाईतल्या कागदांवरच्या अरबी म्हणजे शुहूर सनात 599 किंवा 600. फसली आणि अरबी सनं मृगाच्या सुमारास बदलतात, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक गृहीत धरा.

पायरी 3 : सातबाऱ्यावरून उलटं चालत जा

आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. सगळ्यांत जुना क्रमांक घ्या आणि त्या फेरफाराची नक्कल मागा. त्या नोंदीत आधीच्या मालकाचं नाव असतं. त्याच्या नावावर जमीन कोणत्या फेरफाराने आली ते पाहा, आणि असं एकेक पाऊल मागे जा. हक्कनोंदणीचा कायदा 1903चा, त्यामुळे सलग माग साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लागतो.

वाटेत एक खड्डा आहे. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा 1947चा. एकत्रीकरण झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गटाचा जुना सर्व्हे नंबर काढल्याशिवाय मागची दारं उघडत नाहीत. तो निफाडच्या भूमि अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाच्या पत्रकावरून मिळतो. जुना नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा, पुढे प्रत्येक अर्जात तो लागेल.

नाशिक जिल्ह्यातले बरेच जुने अभिलेख स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. तिथे सापडलं नाही तर निफाड तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. अर्जात 'आमची सगळी कागदपत्रं' असं मोघम लिहू नका. गाव, सर्व्हे नंबर, कागदाचा प्रकार आणि सालाची मर्यादा द्या. 'मौजे सायखेडा, सर्व्हे नंबर अमुक, 1920 ते 1935मधील वारसाचे फेरफार' असा अर्ज असेल तर कारकुनाला शोधता येतं.

पायरी 4 : फेरफाराची भाषा ओळखा

जुन्या नोंदींतले काही शब्द नातं सांगतात, ते चुकले की अख्खी पिढी चुकते. 'वल्लद' किंवा 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'अ.पा.क.' म्हणजे मालक अज्ञान आहे आणि पुढे लिहिलेली व्यक्ती त्याची पालनकर्ती आहे. ही व्यक्ती बहुधा आई, चुलता किंवा मामा असते, म्हणून हा शब्द दिसला की बाप लवकर गेला असं समजा. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. इथे नाव एका भावाचं दिसतं, पण जमीन सगळ्यांची असते. बाकीचे भाऊ नोंदीत नाहीत म्हणून ते नव्हतेच असं धरू नका.

तुमचा पूर्वज मालकाच्या रकान्यात सापडत नसेल तर कुळाच्या रकान्यात बघा. 1 एप्रिल 1957 हा कुळकायद्यातला कृषक दिन. त्याआधी पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारी अनेक घरं कागदोपत्री कूळ म्हणूनच होती. पाहणी पत्रकात पीक कोणाचं, हे पाहिलं तर ती दिसू लागतात.

पायरी 5 : कोतवाल बुक आणि शाळेचं जनरल रजिस्टर

गाव नमुना 14 म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, बोलीभाषेत कोतवाल बुक. जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा 1969चा. त्याआधीच्या नोंदी तहसीलला शोधाव्या लागतात, अलीकडच्या ग्रामपंचायतीत. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, कारण बारसं व्हायच्या आत कोतवाल लिहून घेऊन जायचा. बापाचं नाव, मुलगा की मुलगी, जात आणि तारीख एवढंच मिळतं. मृत्यूच्या नोंदीत वय आणि आजार मिळतो. म्हणून मुलाचं नाव घेऊन वही चाळू नका, बापाचं नाव घेऊन चाळा.

जिल्हा परिषदेच्या शाळेतलं जनरल रजिस्टर या वहीची जोड आहे. त्यात पूर्ण नाव, जात, जन्मतारीख आणि आधीची शाळा असते. जन्मतारीख 1 जून दिसली तर तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीची तारीख टाकलेली असू शकते. वर्ष मात्र जवळपास बरोबर असतं. 'आधीची शाळा' या रकान्यात भलतंच गाव दिसलं, तर घराणं कुठून आलं याचा तो पहिला पुरावा समजा.

पायरी 6 : लेकीबाळींच्या कागदांतून आत शिरा

सासरी नाव बदलल्यामुळे बाई दोन नावांनी दोन गावांत सापडते. पण 1956च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारसाच्या फेरफारात मुलींची नावं येऊ लागली, आणि त्यांच्यासोबत सासरची आडनावंही. हक्कसोडपत्र मिळालं तर सोनं मिळालं असं समजा. बहिणींनी भावाच्या नावे हक्क सोडला, त्या कागदात प्रत्येक बहिणीचं नाव, वय आणि सासरचं गाव असतं. हा दस्त निफाडच्या दुय्यम निबंधकाकडे सूचीवरून शोधता येतो. भावकीशी बोलणं बंद असेल, तर त्या बहिणींच्या सासरी जा. भांडणात पडलेल्या कागदांच्या प्रती तिथे सापडण्याची शक्यता जास्त.

पायरी 7 : वह्या आणि भाट

नाशिकला गंगाघाटावर आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांकडे गावानुसार नामावळीच्या वह्या असतात. यजमान आला की बाप, आजा, पणजा, भाऊ, मुलं यांची नावं लिहून घ्यायची आणि खाली सही किंवा अंगठा, अशी ती पद्धत. सायखेड्याच्या माणसाने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गंगा म्हणजे गोदावरी दारातच असल्याने दशक्रियेसाठी दर वेळी नाशिकला जायचं कारण नव्हतं. म्हणून मृत्यूच्या सालापेक्षा सिंहस्थाची आणि त्र्यंबकच्या नारायण नागबळीसारख्या विधींची सालं आधी पाहा. घरातलं कोणी काशी-गयेला गेलं असेल तर तिथल्या वह्याही विचारा. उपाध्यांना आडनाव सांगण्याआधी गावाचं नाव सांगा, जुनं मूळ गाव माहीत असेल तर तेही.

गावात वंशावळ सांगणारा भाट येत असेल तर त्याचं म्हणणं पूर्ण नोंदवून घ्या. अलीकडच्या चारपाच पिढ्या कागदाशी ताडून पाहा. त्या जुळल्या तर त्यामागच्या दोनतीन शक्य कोटीतल्या. सूर्यवंशापासून सुरू होणारा भाग वहीत वेगळ्या पानावर ठेवा.

पाटीलकी, कुलकर्ण किंवा इनाम असलेल्या घराण्यांना आणखी मागे जाता येतं. वतनाच्या तंट्यांत वंशावळी दाखल केल्या जात. पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आणि 1910मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ ही त्यासाठीची ठिकाणं. मोडी येणाऱ्याला सोबत न्या.

पायरी 8 : एका नावाचे दोघे, हा गुंता सोडवा

आता नेहमीचं कोडं. समजा, घरात एवढंच माहीत आहे की खापरपणजोबा 'राणू तुका'. कोतवाल बुकात 'राणू वल्लद तुका' दोन निघाले: एक 1918च्या साथीत गेला, दुसरा 1931मध्ये. तुमचा कोणता?

दोघांच्या मृत्यूनंतरचे वारस फेरफार काढा. पहिल्याच्या जमिनीवर भावाचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लागलेलं दिसतं, मूल कोणी नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर 'भिवा राणू, अ.पा.क. आई' असं आहे. भिवा तुमच्या पणजोबांचं नाव असेल तर निम्मं काम झालं, पण इथे थांबू नका. दुसऱ्याचा सर्व्हे नंबर आजच्या तुमच्या गटात उतरतो का, ते पाहा. उतरत असेल तर राणू तुमचा.

मग पोटहिस्से पाहा. एका सर्व्हे नंबरचे हिस्से झाले असतील तर ते बहुधा भावांच्या वाटणीचे असतात. चतुःसीमेत ज्यांची नावं आहेत, त्यांच्या घराशी तुमचं सुतक आहे का, हे पहिल्या पायरीच्या यादीशी ताडा. सुतक आहे आणि बांधही लागून आहे, तर वर एक समान बाप शोधायला लागा.

वयाचा हिशेबही करा. बाप-लेकात पंधरा वर्षांपेक्षा कमी अंतर आलं तर दोघे भाऊ असतील. साठच्या पुढे गेलं तर मधली पिढी गळली आहे. आजोबा-नातवाचं नाव एकच असलं की ही चूक फार होते: तुका, राणू, तुका, राणू या चार पिढ्यांच्या दोनच होऊन बसतात. बापाचं नाव अचानक बदललं तर दत्तक आहे का पाहा, आडनाव बदललं आणि जमीन मामाच्या गावची निघाली तर घरजावई.

पायरी 9 : लिहून ठेवा, पण पुरावा जोडून

प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळालं हे लिहा: फेरफार क्रमांक, रजिस्टरचं पान किंवा सांगणाऱ्याचं नाव. कागदाने सिद्ध झालेलं नाव निळ्या शाईने, तोंडी माहिती पेन्सिलीने. मधली जागा रिकामी असेल तर रिकामीच ठेवा. जातप्रमाणपत्रासाठी वंशावळ शपथपत्रावर द्यायची असते आणि खोट्या माहितीवर प्रमाणपत्र मिळवणं हा 2000च्या जातपडताळणी कायद्यात शिक्षेस पात्र गुन्हा आहे, म्हणून भावकीच्या आग्रहाखातर जोडलेलं एक नाव सगळ्यांना महागात पडू शकतं. पुरावा कोणत्या सालाआधीचा हवा तेही आधी पाहा: इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950.

तयार झालेली वंशावळ भावकीच्या एखाद्या लग्नात किंवा वर्षश्राद्धाला मोठ्याने वाचा. चुका तिथेच निघतील, वादही निघतील, आणि वादात कोणीतरी घरातून जुना कागद आणून दाखवेल. तो लगेच मोबाइलवर टिपून घ्या. सायखेडा आणि पलीकडचं चांदोरी ही दोन्ही गावं गंगापूर धरणातून पाणी सुटलं की पुराच्या तोंडी येतात, म्हणून मूळ कागद आणि नकला एका पेटीत ठेवू नका. एक संच गावाबाहेरच्या लेकीकडे द्या, आणि तिचं नाव वंशावळीत आहे ना, हे आधी तपासा.