नागीण : विषाणूची घडण आणि वेळेवरचा उपचार

बडोदे शहरातील फतेगंज हा भाग महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परिसरास लागून आहे. विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि कुटुंबांची बिऱ्हाडे येथे शेजारीशेजारी नांदतात. अशा वस्तीत कांजिण्यांचा विचार केवळ लहान मुलांपुरता करून भागत नाही. थंड देशांत हा रोग बहुधा बालपणीच येऊन जातो. उष्ण प्रदेशात मात्र पुष्कळ जण त्यावाचून मोठे होतात आणि ऐन विशीत त्याच्या तावडीत सापडतात. त्या वयात तो अधिक त्रासदायक ठरतो. वृद्धांना होणारी नागीण हा त्याच रोगाचा दुसरा अवतार आहे. आजोबांच्या बरगडीवर नागीण उठावी आणि दोन-तीन आठवड्यांत नातवाच्या अंगावर कांजिण्या फुलाव्यात, हा योगायोग नव्हे. दोहोंच्या मुळाशी एकच विषाणू आहे.

हा विषाणू ‘हर्पिस’ कुलातील होय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरपटणे असा असून संस्कृतातील ‘सर्प’ शब्दाशी त्याचे धातूचे नाते आहे. आपल्या लोकांनी ‘नागीण’ हे नाव ठेवले, तेव्हा त्यांना ग्रीक भाषा अवगत नव्हती. परंतु दृष्टी तीच होती. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. वार्धक्याने अथवा आजाराने प्रतिकारशक्ती खालावली की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असल्याने फोडांचा पट्टाही सामान्यतः मध्यरेषेशी थांबतो. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की रोगी दगावतो, ही समजूत म्हणूनच निराधार आहे. या धास्तीपायी माणसे मांत्रिकाकडे धाव घेतात आणि उपचाराचे मोलाचे दिवस गमावतात.

ते दिवस मोलाचे का, हे विषाणूची घडण पाहिल्यावर ध्यानात येते. विषाणू जीवजंतूंप्रमाणे वाढत नाही की दुभंगत नाही. घर बांधावे तसा तो सुट्या भागांपासून बांधला जातो. गवंडी मात्र येथे कोणी नाही. प्रथिनेच परस्परांना ओळखून जुळतात.

पेशीत शिरलेल्या विषाणूच्या जनुकांवरून ही प्रथिने पेशीच्या केंद्रकाबाहेर तयार होतात. कवचाची बांधणी मात्र केंद्रकात व्हावयाची असते. या कुलातील विषाणूंचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांना असे आढळले, की कवचाच्या मुख्य प्रथिनापाशी केंद्रकात शिरण्याचा परवानाच नसतो. ज्यापाशी तो असतो अशा दुसऱ्या प्रथिनाचा हात धरूनच ते आत जाते. आत गेल्यावर परांचीचे काम करणारी प्रथिने मध्यभागी गोळा होतात व त्यांच्याभोवती मुख्य प्रथिनाचे गुच्छ रचले जातात. तीन-तीन प्रथिनांची छोटी जुळणी या गुच्छांना एकमेकांशी सांधते. कवचाला बारा कोपरे असतात. त्यांपैकी अकरा बंद असून बाराव्या कोपऱ्यात बारा प्रथिनांचे कडे बसते; तेच दार. नागिणीच्या विषाणूचा निकटचा आप्त, म्हणजे ओठांवर फोड आणणारा विषाणू, याच्या एका कवचात मुख्य प्रथिनाच्या ९५५ प्रती मोजल्या गेल्या आहेत. प्रारंभी हे कवच गोल व ठिसूळ असते. मग एक विकर आतली परांची कापून काढते, कवच कोनयुक्त व मजबूत होते आणि दारातून डीएनएचा लांबच लांब धागा आत ठासून भरला जातो. नागिणीच्या विषाणूत हा धागा सुमारे सव्वा लाख जोड्यांचा असतो.

भरलेले कवच केंद्रकाच्या पडद्यातून बाहेर पडते, वाटेत आणखी प्रथिनांचा थर अंगावर घेते आणि शेवटी स्निग्ध पापुद्र्याचे वेष्टन पांघरते. या वेष्टनावरील प्रथिनेच पुढच्या पेशीचे कुलूप उघडतात.

आता एक विलक्षण गोष्ट. शरीराच्या अंतर्भागात असे तयार झालेले बहुतेक कण पेशीतील पाचक पिशव्यांकडे वळवले जातात व बाहेर पडण्यापूर्वीच निकामी होतात. त्यामुळे विषाणू शेजारच्या पेशीत सरकत राहतो, पण मोकळा सुटत नाही. त्वचेच्या वरच्या थरांतील पेशींत मात्र कणांना त्या पिशव्यांकडे वळवणारे प्रथिन नसते. तेथे कण धडधाकट बाहेर पडतात आणि फोडातील पाण्यात साठतात. म्हणून नागिणीचे फोड उघडे ठेवू नयेत अथवा खाजवू नयेत. खपली धरेपर्यंत ते स्वच्छ कापडाने झाकावेत. कांजिण्या न आलेल्या गर्भवती स्त्रिया व तान्ही मुले यांना रोग्यापासून दूर ठेवावे. शाळेतील मुलास कांजिण्या आल्यास सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत शिक्षकांनी त्यास घरीच राहू द्यावे.

औषधाची योजना याच बांधकामाच्या क्रमावर आधारलेली आहे. असायक्लोव्हिर हे औषध विषाणूच्या डीएनएचा धागा लांबू देत नाही. भरावयास धागाच नसेल तर कवच कुचकामी ठरते. या औषधाच्या संशोधनात मोठा वाटा असणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. याच कुलातील दुसऱ्या एका विषाणूविरुद्ध अमेरिकेत २०१७ साली मान्य झालेले लेटरमोव्हिर तर धागा कवचात भरणाऱ्या यंत्रणेलाच अडवते. मात्र बांधून झालेले कण असायक्लोव्हिरने मोडत नाहीत. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू व्हावे, असा डॉक्टरांचा आग्रह असतो तो यामुळेच.

प्रतिबंधाच्या दृष्टीने कांजिण्यांची लस जपानमध्ये ताकाहाशी यांनी १९७४ साली सिद्ध केली. नागिणीवरील नव्या लशीत तर संपूर्ण विषाणू नसतोच; वेष्टनावरील एकच प्रथिन असते. पन्नाशी ओलांडलेल्यांनी तिच्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसल्यास मात्र ७२ तासांची मोजदादही करू नये. दृष्टीस धोका असल्याने रोग्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. कांजिण्या आलेल्या मुलास तापासाठी ॲस्पिरिन देऊ नये.